सॉरी कशाबद्दल?

मागच्या वर्षी सासरे गेले. चौथ्या की पाचव्या दिवशी आमच्या मॅनेजरचा व्हिडिओ कॉल आला, तो इंग्लंडात लीड्सला असतो, माणूस एकदम सज्जन. घरात सतरंज्या अंथरलेल्या, भेटायला येणाऱ्यांची रांग, म्हणून मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसलेले आणि सासूबाई मागे चहाचं आधण बघत होत्या. त्याला त्या दिसल्या तसा तो सावरून बसला आणि म्हणाला 'आय ऍम सो सॉरी'. मग परत, 'सो व्हेरी सॉरी'. कॉल संपल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "माफी कशाची मागत होता गं तो? तुझी रजा नामंजूर केली का?"

त्या आठवड्यात मला पहिल्यांदा हसू आलं. पण खरं सांगू का, प्रश्न बरोबरच होता. आपण सॉरी हा शब्द इतका घरचा केलाय की त्याला सॉरी-बिरी असं शेपूटपण लावलंय, पण घेताना अर्थ अर्धाच घेतलाय. आपल्याकडे सॉरी म्हणजे 'चुकलं माझं', संपलं. "सॉरी म्हण तिला" असं आपण पोरांना दामटून सांगतो ते वाईट वाटावं म्हणून नाही, चूक कबूल करावी म्हणून. आणि कुणाच्या घरी कोणी गेलं तर आपण 'ऐकून फार वाईट वाटलं' म्हणतो, तिथे माफीचा काय संबंध? इंग्रजीत ही दोन्ही कामं एकाच शब्दावर ढकललीयेत.

मग मी शोधत बसले (रात्री झोप येत नव्हती तसंही). सॉरीचा जुन्या इंग्रजीतला अवतार होता 'सारिग', म्हणजे दुखावलेला, मन दुखरं झालेला. अंग ठणकतं तेव्हा इंग्रजीत 'सोअर' म्हणतात ना, त्याच कुळातला. मला आधी वाटायचं 'सॉरो' म्हणजे दुःख, त्यावरूनच आलं असणार, पण ते मूळ वेगळं आहे, ते जर्मन 'झोर्गे'चं, म्हणजे काळजीचं भावंड. दोन शब्द शेजारी राहून राहून एकमेकांसारखे दिसायला लागले इतकंच. म्हणजे मुळात सॉरीमध्ये चूक नव्हतीच, दुखणं होतं, चूक मागनं येऊन चिकटली. तेव्हा आमचा मॅनेजर बिचारा जुन्या अर्थानेच बोलत होता.

आणि हा गोंधळ फक्त आमच्या स्वयंपाकघरातला नाही बरं का. 1 एप्रिल 2001 ला दक्षिण चीन समुद्रावर अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान एकमेकांना धडकली. चिनी पायलट बेपत्ता, आणि अमेरिकन विमान परवानगीशिवाय हैनान बेटावर उतरलं, आतली 24 माणसं चीनने अडकवून ठेवली. चीनचं म्हणणं, माफी मागा. अमेरिकेचं म्हणणं, आम्ही काही चूक केलेली नाही. शेवटी 11 एप्रिलला अमेरिकेने पत्र दिलं आणि त्यात दोनदा 'व्हेरी सॉरी' लिहिलं, एकदा पायलटच्या घरच्यांसाठी आणि एकदा न विचारता उतरल्याबद्दल. चीनने आपल्या लोकांना सांगितलं बघा मागितली माफी, अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितलं छे, माफी कुठे, नुसतं वाईट वाटलं म्हटलंय, आणि 24 माणसं सुटून घरी गेली. हे वाचल्यापासून मी त्या शब्दाकडे जरा आदराने बघते.

कॅनडात ऑन्टारियो प्रांतात तर 2009 मध्ये कायदाच केलाय की कोणी सॉरी म्हणालं म्हणून दिवाणी दाव्यात ती चुकीची कबुली धरायची नाही. टोरांटोला माझी मावसबहीण असते, ती म्हणते इथे हा कायदा नसता तर अख्खं गाव दिवाळखोर झालं असतं, लोक खुर्चीला पाय लागला तरी खुर्चीला सॉरी म्हणतात.

आता समानार्थी म्हणून शाळेत जे शिकवलं त्याचंपण थोडं. एक्सक्यूज मी आधी, सॉरी नंतर, म्हणजे गर्दीतून वाट काढताना एक्सक्यूज मी आणि धक्का लागल्यावर सॉरी. (आपल्या बसमध्ये दोन्हीला मिळून 'ओ काका, सरका जरा'.) ऐकू आलं नाही तर 'आय बेग युअर पार्डन' म्हणा असं बाईंनी घोकून घेतलं होतं, आणि गंमत म्हणजे 1954 साली अॅलन रॉस नावाच्या भाषातज्ज्ञाने इंग्लंडमधल्या उच्चभ्रू लोकांचे शब्द कोणते आणि तसं दिसू पाहणाऱ्यांचे कोणते हे मांडलं तेव्हा पार्डन निघालं दुसऱ्या बाजूला. आम्ही उगाच जीभ वळवली. हल्ली नुसतं 'सॉरी?' असा वर चढणारा सूर लावतात. आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या पोराला मॅनेजरने तसं 'सॉरी?' विचारलं तर तो म्हणाला 'इट्स ओके सर'. मॅनेजर परत 'सॉरी?', हा परत 'नो प्रॉब्लेम सर'. मी म्यूटवर होते म्हणून वाचले.

अपॉलॉजी ऐकायला जड वाटतं, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे बचावाचं भाषण. सॉक्रेटिसच्या खटल्यातल्या भाषणाला इंग्रजीत अपॉलॉजी म्हणतात आणि त्यात तो कणभरही माफी मागत नाही, उलट न्याय करायला बसलेल्यांनाच सुनावतो. आणि रिग्रेट म्हणजे सगळ्यात चलाख. नोकरी नाकारायची असली की 'वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू', आपल्याकडचं 'रुकावट के लिए खेद है' त्याच जातीचं. एप्रिल 2019 मध्ये जालियनवाला बागेला 100 वर्षं होत होती तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे त्यांच्या संसदेत रिग्रेट म्हणाल्या, खूप रिग्रेट, पण माफी नाहीच. उलट ऑस्ट्रेलियात केविन रड यांनी 13 फेब्रुवारी 2008 ला आदिवासींची पोरं आईबापांपासून तोडल्याबद्दल संसदेत उभं राहून सॉरी हाच साधा शब्द वापरला. त्यांच्या आधीच्या पंतप्रधानांनी रिग्रेटवर भागवलं होतं. म्हणजे कुठे पोरांच्या भांडणातला शब्द आणि कुठे हे, पण लोकांना तोच हवा होता.

आपल्याकडे शब्दच लागत नाही कित्येकदा. चुकून कुणाला पाय लागला की हात आपोआप त्यांच्याकडे जातो आणि मग आपल्या छातीशी येतो, तोंडातून काही निघायच्या आत. सासूबाईंना मी हे सगळं पुराण ऐकवलं तर म्हणाल्या, "बरंय बाई, आपल्याकडे चूक नाही तर माफी नाही, साधा हिशोब."

या मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न झालं. सगळं अगदी वेळेवर, मुहूर्त टळला नाही, आमरस शेवटच्या पंगतीला पुरून उरला. वऱ्हाड निघताना नणंदेचे मिस्टर आणि त्यांच्या शेजारी सासूबाई, दोघंही व्याह्यांपुढे हात जोडून उभे, "काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला". सासूबाईंचे डोळे भरलेले. मी हळूच कानाशी जाऊन विचारलं, "आई, काय चुकलं हो?"

"चुकायलाच कशाला हवं गं," म्हणाल्या, आणि पदर खोचून व्याह्यांच्या गाडीकडे पळाल्या, लाडवांचा डबा ठेवायचा राहिला होता.