प्रिया सिग्नलला का बंद पडते

जुनी टू-स्ट्रोक स्कूटर बाळगणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. गाडी पळते झकास, पण उभी केली की बंद. नाहीतर बरोबर उलटं: थांबलं की रेस आपोआप चढते, खाली यायचं नाव घेत नाही, आणि शेजारचा रिक्षावाला आपणच मूठ पिळतोय असं समजून डोळे वटारतो. माझ्या 'प्रिया' स्कूटरला दोन्ही रोग होते. सकाळी एक, दुपारी दुसरा.

प्रिया इथलीच, साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातली. दीडशे सीसीची म्हणायची पद्धत आहे. बोअर ५७ मिमी, स्ट्रोक ५७ मिमी, हिशेब केला तर १४५.४५ भरतात. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये नोकरी असल्यामुळे असले हिशेब करायची खोड आहे, माफ करा.

असा त्रास सुरू झाला की पहिला सल्ला मिळतो तो "कार्बोरेटरचा स्क्रू जरा फिरवून बघा". कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. व्हिडिओंमध्येही तेच: स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, फिरवायचा, आवाज बदलला की अंगठा वर. पोवई नाक्याजवळच्या आमच्या मिस्त्रींचं मत वेगळं होतं. त्यांनी गाडीला हातही लावला नाही, नुसतं ऐकलं. म्हणाले, "ताई, स्क्रूला हात लावू नका. आधी वारं कुठनं घेतीया ते बघा."

हे ओळखायचं कशावरून? गरम गाडी उभ्यानं बंद पडायला आली की चोक (मिश्रणात पेट्रोल वाढवणारा खटका) किंचित ओढायचा. तेवढ्यानं ती शांत होऊन नीट चालायला लागली, तर इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय. प्रिया चोकवर अगदी गुणी मुलीसारखी चालायची. मग संशयित दोनच उरतात: पायलट जेट (मूठ बंद असताना पेट्रोल सोडणारं कार्बोरेटरमधलं बारीक भोक) बुजलाय किंवा इंजिन भलतीकडूनच हवा ओढतंय. जेट बुजला असेल तर रेस खाली पडते आणि गाडी मरते, पण सहसा अशी चढून लोंबकळत नाही. रोज वेगळं नाटक करणारी गाडी बहुतेक हवा ओढणारी निघते.

टू-स्ट्रोकचं गणित इथेच वेगळं आहे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेसचा, म्हणजे पिस्टनखाली क्रँक फिरतो त्या पेटीचा, मिश्रणाशी संबंध नाही. आपल्या इंजिनात पेट्रोल, ऑइल, हवा सगळं आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना दाबलं जातं आणि तिथून सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे क्रँककेस हवाबंद नसेल तर कार्बोरेटर कितीही चकाचक करा, काही उपयोग नाही. नळीला मध्येच भोक असेल तर शहाळ्यातलं पाणी वर येईल का? मूठ बंद असताना ओढ सगळ्यात जोरात असते, त्यामुळे एरवी न जाणवणारी बारीक गळती नेमकी आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, त्रास देते.

बरं, हा नुसता बंद पडण्याचा वैताग नाही. प्रियात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, लिटरला २० मिली. पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी गेलं. यवतेश्वरचा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून मूठ पूर्ण बंद केली, की इंजिन फिरतंय जोरात आणि वंगण जवळपास नाही. त्यात फटीतून कोरडी हवा शिरली तर पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. म्हणून जुने लोक उतारावरही अधूनमधून मूठ पिळतात. तो शौक नव्हे.

तर तपास. प्रियाचा कार्बोरेटर इंजिनाच्या डोक्यावर डब्यात बसतो. फिल्टर काढला की जेट वरूनच दिसतात, कार्बोरेटर उतरवावा लागत नाही. पायलट जेट काढून उजेडात धरला. भोक गोल, स्वच्छ. बुजलेला असेल तर वायरमधली तांब्याची एकच तार आणि हवेची फुंकर पुरते. सुई घालू नये, भोक मोठं होतं आणि जेट कायमचा वाया. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.४ मिमीच्या आसपास होता, ठिणगी निळी. हे बघून घ्यावंच, कारण कार्बोरेटरच्या नावावर खपणारे बरेच दोष खरे पॉइंट आणि कंडेन्सरचे असतात. पेट्रोल टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही बघितलं.

मग कार्बोरेटर उतरवून त्याची बूड बघितली. हे बोल्ट लोक दात-ओठ खाऊन आवळतात आणि मऊ धातूची बूड वाकते. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यात घासलं की उंचवटे चकाकतात आणि खळगे काळे राहतात. माझी जवळजवळ सपाट होती. आणखी घासून सरळ केली, नवीन पॅकिंग घातलं, बोल्ट बेताने आवळले. फरक शून्य.

राहिली ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी कडी. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून गळती शोधतात, पण प्रियाचं फ्लायव्हील म्हणजेच इंजिनाचा पंखा. त्याच्यावर मारलेला स्प्रे तो गरम सिलिंडरकडे फेकतो. सापडायचं काही नाही, पेटायची भीती तेवढी. म्हणून दाब देऊन बघायचं ठरवलं, आणि इथे सासूबाईंचं जुनं बीपीचं मशीन कामाला आलं. त्यांना डिजिटल आणल्यापासून ते घड्याळवालं कपाटात पडून होतं. त्याचा काटा पाऱ्याच्या ३०० मिमीपर्यंत जातो, म्हणजे साधारण सहा पीएसआय. क्रँककेसला तेवढा दाब पुरे. जास्त दिला तर चांगली सीलसुद्धा हलतात.

जुन्या स्पार्क प्लगमधली चिनीमाती फोडून काढली आणि त्यात मशीनची रबरी नळी घट्ट बसवली. सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा क्लॅम्पने आवळला. कार्बोरेटरच्या जागी रबर आणि त्यावर लोखंडी पट्टी. पिस्टन खाली आणला, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडून सिलिंडर आणि क्रँककेस एक होतात. फुगा दाबला. काटा अडीचशेवर गेला आणि डोळ्यांदेखत घसरायला लागला. गिअर ऑइलचा बूच उघडून कान लावला, तिथे शांतता. म्हणजे क्लचकडचं सील ठीक. तिकडचं गेलं असतं तर इंजिन गिअर ऑइल पितं, धूर पांढरा होतो, प्लग तेलकट राहतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरते. शिवाय त्यासाठी इंजिन फोडावं लागतं. फ्लायव्हील काढलं, त्यामागची स्टेटर प्लेट (जिच्यावर पॉइंट बसतात) आणि केसवर मिळून एक खूण ओरखडली (ती केली नाही तर टायमिंग गेलं समजा), प्लेट बाजूला केली आणि सीलवर ब्रशने साबणाचं पाणी लावलं. क्रँकच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ. नवरा टॉर्च धरून उभा होता, तो म्हणाला, "आईचं बीपी एवढ्या भराभर कधी उतरलं नाही."

जुनं सील निघालं ते नखाने दाबलं तरी वाकेना, ओठ (क्रँकला टेकणारी कड) चकचकीत आणि कडक. नवीन व्हायटन रबराचं घातलं. साध्या काळ्या रबरापेक्षा महाग पडतं, पण उष्णता आणि आताचं पेट्रोल दोन्ही सोसतं. साताऱ्यात नव्हतं, पुण्याला नाना पेठेत मिळालं. बसवताना ओठाला ग्रीस लावलं आणि जुन्या सॉकेटने चौफेर सारखं ठोकलं.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर: पंपावर आता २० टक्के इथेनॉल असलेलं मिळतं. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे जेट तोच ठेवला तर मिश्रण आपोआप जरा कोरडं होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर मी कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवते.

स्क्रूची पाळी आता आली. गाडी फिरवून आणून इंजिन गरम केलं. डब्याच्या मागून रबरी बुचातून दिसतो तो मिश्रणाचा स्क्रू: हलक्या हाताने पूर्ण बंद, मग दीड आटा बाहेर. वरच्या स्क्रूने रेस थोडी चढवली. मग मिश्रणाचा पाव-पाव आटा, प्रत्येक वेळी थांबून ऐकत. जिथे रेस सगळ्यात वर जाते तिथून किंचित पेट्रोलच्या बाजूला, आणि शेवटी वरच्या स्क्रूने रेस खाली. प्रियात हा स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. यामाहाच्या आरएक्स १०० मध्ये उलटं, कारण तिथला स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे आणि नुसती हवा मोजतो. आत गेला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. एका गाडीवर शिकून दुसरीवर हात चालवणारे इथेच फसतात.

प्रिया आता पोवई नाक्यावर उभी राहते. समोरच्या जोशीकाकूंना मात्र अजून वाटतं की काहीतरी बिघाड आहे, कारण ती एकसारखी धडधडत नाही. ठक, ठक-ठक, मध्येच गप्प, परत ठक. टू-स्ट्रोक आयडलिंगला असाच चालतो. मूठ बंद असताना ताजं मिश्रण इतकं कमी येतं की जळका वायू सिलिंडरमधून नीट बाहेर ढकलला जात नाही, आणि प्रत्येक फेरीला स्फोट होतोच असं नाही. ते घालवायला म्हणून कोणी स्क्रू पिळत बसलात तर मिश्रण परत कोरडं कराल. पुढच्या महिन्यात सायलेन्सरचा कार्बन काढायचाय, तेव्हा परत जरा ऐकेन.