विहीर दिसली पाहिजे, बांधायची मात्र नाही

स्नेहसंमेलनाच्या नाटकात गावची विहीर आली की पहिला प्रश्न ठरलेला: थर्माकोलची करायची की पुठ्ठ्याची? दोन्ही नको. दशावतारात एका बाकड्यावर राजाचा दरबार भरतो आणि तमाशातल्या गौळणी मोकळ्या रंगमंचावरूनच मथुरेच्या बाजाराला निघतात. प्रेक्षकांची तक्रार नसते. मुलांनाही हे जमतं, पण ‘इथे विहीर आहे असं समजा’ एवढ्यावर भागत नाही. ती नेमकी कुठे, किती उंच, किती खोल, हे सगळ्यांचं एकच ठरलेलं हवं.

पहिल्या तालमीला जमिनीवर खडूने चार फूट व्यासाचं वर्तुळ काढा. कडेला वर्गातला बाक ठेवा, म्हणजे कठड्याची उंची हाताला कळते. कोणी वर्तुळातून चालत गेलं की प्रसंग पहिल्यापासून. दोन-तीन तालमींनंतर बाक काढा. खडू मात्र शेवटच्या दोन तालमींपर्यंत राहू द्या.

खरं काम दोराचं. आधी रहाट आहे की नाही ते ठरवा. रहाट असेल तर दोर खाली, आपल्याकडे ओढला जातो; नसेल तर कठड्यावर वाकून हातावर हात टाकत वर घ्यावा लागतो. मुलं दोन्ही एकत्र करतात आणि मग ते पोहण्यासारखं दिसतं. मूठ पूर्ण मिटायची नाही, अंगठ्याएवढी जागा दोरासाठी सोडायची. आणि दोन्ही हात एकदम कधीच सोडायचे नाहीत, नाहीतर बादली परत खाली गेली! दहा लिटरची भरलेली बादली दहा किलोच्या वर भरते. स्टेजच्या कडेवरून अर्धी भरलेली खरी बादली दोराने प्रत्येकाला एकदा ओढायला लावा (कोणीतरी मोठं शेजारी हवं), आणि लगेच तेच रिकाम्या हातांनी करून घ्या. पाय आपोआप फाकतात, पाठ मागे जाते. हे शब्दांत सांगून येत नाही.

वजन हमखास हरवतं ते संवाद सुरू झाला की. बोलता बोलता हात भराभर चालायला लागतात. उपाय सोपा आहे: वाक्य दोन ओढींच्या मध्ये बोलायचं. ओढताना श्वास रोखलेलाच असतो, त्यामुळे वाक्यं तुटतात, आणि तशी तुटलेलीच ती खरी वाटतात.

खोली दाखवायला खडा टाका, अर्थात काल्पनिक. पाणी १६ फुटांवर असेल तर खडा एका सेकंदात पोचतो, ६४ फुटांवर असेल तर दोन सेकंदांत. स्टेजवरच्या सगळ्यांनी तेवढा वेळ मनात मोजायचा, हलायचं नाही, आणि विंगेतल्या एकाने तोंडाने ‘डुबुक’ म्हणायचं. दुष्काळाचं नाटक असेल तर पहिल्या प्रवेशात एक सेकंद, नंतर दोन, आणि शेवटी ‘डुबुक’ऐवजी कोरडा ‘ठक्’. पाणी आटल्याचं सांगणारं निवेदन खुशाल कापून टाका. रेकॉर्ड केलेला आवाज वापरू नका, तो वेळेवर येत नाही.

खरा हंडा आणि खोटं पाणी ही जोडी टाळा. ओतलेलं पाणी वाजत नाही आणि डोक्यावर घेताना हंडा फुलासारखा उचलला जातो. हंडाही काल्पनिकच ठेवा. खरा आणायचाच असेल तर तो शेवटच्या प्रवेशात, रिकामा म्हणूनच. मागच्या पडद्यावर रंगवलेली विहीर असली, तर प्रेक्षक तिच्याकडेच बघणार.

प्रकाशयोजनेची काळजी करू नका, शाळेच्या हॉलमध्ये सगळे दिवे लावूनही हे चालतं. घात होतो तो माईकने. उभा माईक स्टेजच्या मध्यभागी आणि विहीर डावीकडे असली, की ऐन प्रयोगात मुलं दोर सोडून माईककडे धावतात, तीही थेट विहिरीतून. म्हणून माईक कुठे लागणार ते आधी विचारून घ्या आणि विहीर त्याच्यामागे दोन फुटांवर, ओढणारा प्रेक्षकांना बाजूने दिसेल अशी आखा.