बंद दगडखाणीत पाखरं परतावीत म्हणून

खडी फोडणारा क्रशर बंद पडला की लोक आधी झाडं आणतात. कोल्हापूरजवळच्या शिरोलीकडच्या एका खाणीवर आम्ही झाडं सर्वांत शेवटी ठेवली.

डंपर फिरून फिरून खाणीचा तळ फरशीसारखा घट्ट झालेला असतो, पाणी जिरत नाही. मे महिन्यात पोकलेनला रिपर, म्हणजे जमीन फोडायचा दात, लावून तो दीड-दोन फूट खोल फोडला, पण पट्ट्यापट्ट्यांनी. मधले पट्टे तसेच उघडे ठेवले, कारण टिटवी अंडी घालते ती खडीवरच. फोडलेल्या जागी चार बोटं मुरमाड माती पुरते. उसाच्या रानातली काळी माती किंवा साखर कारखान्याची मळी टाकली की गाजरगवत माजतं आणि मारवेल, पवन्या ही गवतं दबून जातात.

खड्डा बुजवायला फौंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याची, काळी वाळू फुकट टाकून द्यायला इथं कुणीही तयार असतं. ती एक ट्रॉलीसुद्धा घेऊ नये. मोल्डिंगच्या (साच्याच्या) वाळूत बेंटोनाइट ही चिकणमाती आणि कोळशाची भुकटी असते, कोअरच्या (साच्यातल्या गाभ्याच्या) वाळूत रेझिन, म्हणजे वाळू चिकटवणारं रसायन. बेंटोनाइट भिजलं की फुगतं, वाळलं की टणक होतं, आणि रेझिनमधलं फिनॉल पाण्यात उतरू शकतं.

खरी गफलत होते पाण्यात. खाणीच्या डोहाला सरळ कडे असतात. आत पडलेलं जनावर वर येऊ शकत नाही. एका बाजूला डबर लोटून चालत चढता येईल असा उतार करावाच. शेजारी गुडघाभर खोलीचं वेगळं डबकं खणावं, फेब्रुवारी-मार्चात आटणारं. आटतं म्हणूनच त्यात मासे टिकत नाहीत आणि बेडकांची पिल्लं वाढतात. डासांसाठी गप्पी मासे सोडायचा आग्रह होतो, पण गप्पी बेडकांची अंडी आणि कोवळी पिल्लं खातात. चतुरांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात; त्यांना जागा द्यावी.

वरच्या थरातली मुरमाची उभी दरड सारखी करू नका. वेडा राघू तिथंच बीळ कोरतो. आत शिरलेला पक्षी पायांनी माती मागं उडवतो, बाहेर फक्त धूळ दिसते. दरडीवर घाणेरी चढली तर तो फिरकत नाही. म्हणून ती जानेवारीत काढावी आणि फेब्रुवारीनंतर तिकडं हात लावू नये. खालच्या खडकाच्या कपारीत शृंगी घुबड बसतं. त्याची वीण हिवाळ्यातच सुरू होते, त्यामुळं त्या बाजूला दिवाळीनंतर यंत्र नेलं नाही.

आगीचा धोका शेजारच्या उसाचा. तोड झाली की पाचट पेटवतात आणि ठिणगी वाळल्या गवतात येते. नोव्हेंबर संपायच्या आत हद्दीवर दहा फुटांचा पट्टा साफ हवा. आतलं गवत मात्र बी गळून गेल्यावर, दरसाल एक तृतीयांशच कापावं.

झाडांत करंज, पळस, हिवर पुरे. उंबर पाखरांच्या विष्ठेतून कपारीत आपोआप उगवतो. सुबाभळीची रोपं जुलैत, ओल असताना मुळासकट उपटावीत. नुसती तोडली तर बुंध्यातून फुटवे येतात.

कपारीखाली घुबडानं ओकलेल्या करड्या केसांच्या गोळ्या पडलेल्या दिसतात. एक फोडून पाहिली तर उंदराचे जबडे निघतात, पिवळट दातांसकट. घुबड वस्तीला आहे याची ती खूण. गोळ्या वेचाव्यात, कपारीवर मात्र चढू नये.