सासुकेने

दुभाषाचं काम करताना एक मोह नेहमी होतो. अर्धं वाक्य कळलं नाही, तर ते आपल्या पदरचं घालून पूर्ण करायचा. जपानमधल्या तादामी रेल्वे लाईनवर तो मोह फार जोरात झाला.

सोबत कोकणात रुळांच्या देखभालीत हयात घालवलेले एक निवृत्त इंजिनियर होते. जपानमधली दरडींची आणि पुराची लाईन बघायची त्यांची जुनी इच्छा. आइझु-वाकामात्सुहून कोइदेला जाणारी पहाटेची डिझेल गाडी आम्ही धरली. 135.2 किलोमीटरला साडेचार तास! पूर्वी इथं वाफेची इंजिनं होती, मग 2020 पर्यंत किहा 40 जातीच्या डिझेल गाड्या. आम्ही बसलो होतो ती किहा ई120. सरांनी बसल्या बसल्या डायरी काढली आणि प्रश्न सुरू केले.

2011 च्या जुलैत अतिवृष्टीनं इथले पूल वाहून गेले. आइझु-कावागुची ते तादामी हा 27.6 किलोमीटरचा तुकडा अकरा वर्षं बंद होता, त्या काळात बस चालायची. बंद पडण्याआधी, 2010 मध्ये, या तुकड्यावर दिवसाला सरासरी 49 प्रवासी. दुरुस्तीला सुमारे 900 कोटी येन. सरांनी 49 हा आकडा मला दोनदा विचारून घेतला. मग मी त्यांना तोडगा समजावून सांगितला: रूळ आणि पूल फुकुशिमा प्रांताचे, गाडी रेल्वे कंपनीची. खर्चात आसपासच्या नगरपालिकाही वाटेकरी. 1 ऑक्टोबर 2022 ला गाडी पुन्हा सलग धावली.

"पण इथल्या माणसांना काय वाटतं? त्यांनाच विचार ना," सर म्हणाले.

आइझु-कावागुची स्टेशन अगदी नदीच्या काठावर आहे. तिथं एक आजी चढल्या, पाठीला पिशवी. मी नमस्कार करून विचारलं, पुराच्या वेळी तुम्ही इथंच होतात का? आजी बोलू लागल्या आणि थांबेचनात. सगळं आइझुच्या बोलीत. बस, बर्फ, दवाखाना एवढे शब्द मी पकडले, बाकीचं पाण्यासारखं वाहून गेलं. बोलता बोलता त्यांनी हात डोक्याच्या वर नेला.

सर माझ्याकडे बघत होते. त्या तीन शब्दांवर छान, भावपूर्ण उत्तर रचता आलं असतं. हिवाळ्यात इथला डोंगरातला महामार्ग बर्फानं बंद असतो, कोइदेकडे जायला तेव्हा गाडीच, हे मला ठाऊक होतं. तेच आजींच्या तोंडी घालावं, असं वाटून गेलं.

"सर, अर्धंही कळलं नाही मला," मी म्हटलं.

"पाणी एवढं वर आलं होतं, हे मला कळलं," सर म्हणाले आणि आजींसारखाच हात वर केला. आजी जोरजोरात मान हलवू लागल्या.

मी वाकून आजींची माफी मागितली. त्या हसून एकच शब्द म्हणाल्या, "सासुकेने." तोही मला येत नव्हता! समोरच्या बाकावरच्या तरुणीनं प्रमाण जपानीत सांगितलं: काही हरकत नाही, चालायचंच.

गाडी तादामी नदीवरच्या, नव्यानं बांधलेल्या सहाव्या पुलावर आली, तेव्हा सर खिडकीला नाक लावून गर्डर बघतील असं वाटलं होतं. ते डायरीत लिहीत होते. 135.2, 27.6, 49, 900 कोटी, आणि त्याखाली देवनागरीत तो शब्द.

"ने ऱ्हस्व की दीर्घ?" त्यांनी विचारलं. मी आजींना पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं.