दादऱ्याला केरवा

माझा स्टुडिओ म्हणजे इंदौरात राजवाड्यामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, भिंतीला फोम, खाली भांड्यांचं दुकान. कामं पण तशीच, लोकल जिंगल, लग्नातल्या संगीतचे ट्रॅक, गणपतीत मंडळांच्या आरत्या. त्यामुळे परवा शेजारच्या वहिनींचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला, म्हणाला काका रीमिक्स केलाय, ऐकून खरं खरं सांगा, तर मला वाटलं एखाद्या जुन्या हिंदी गाण्याला ढिशुम ढिशुम लावलं असणार.

निघाला मारिओ! १९८५ चा पहिला सुपर मारिओ ब्रदर्स, कोजी कोंडोचं म्युझिक, आणि त्यातलंही सगळ्यांना तोंडपाठ असलेलं नाही, पाण्याखालच्या लेव्हलचं. आम्ही हे कॅसेटला फुंकर मारमारून खेळलोय, त्यामुळे मी आधीच अर्धा विरघळलो होतो.

पण वीस सेकंदांतच टेबलावर चालणारी माझी बोटं अडखळली. ते मूळ म्युझिक वॉल्ट्झ आहे, तीन तीन मात्रांचं, आपल्या दादरा तालाच्या चालीनं जाणारं. पठ्ठ्यानं १२८ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांचा, क्लबातला हाऊस बीट टाकलेला, चारचा, आणि मेलडी त्यात मावेना म्हणून दर तिसरा सूर ओढून चौथ्या मात्रेपर्यंत नेलेला. म्हणजे दर तीन पावलांनी कोणीतरी मागून शर्ट धरतंय असं.

मी बोलून गेलो, "अरे, दादऱ्याला केरवा लावलास की तू."

"दादरला?"

मग तबला काढला. धा धी ना, धा ती ना वाजवलं, त्यावर त्याला मारिओ गुणगुणायला लावला, बरोबर बसला. मग केरवा, चार-चारचा ताल, धा गे ना ती न क धी न, आणि तो तिसऱ्याच सुरावर लटकला. स्वतःच हसायला लागला. हे मी नुसतं तोंडी सांगितलं असतं तर अर्धा तास गेला असता आणि वर त्याला राग आला असता तो वेगळा.

दुसरी भानगड मोबाइलवर कळली. मी कुठलाही मिक्स माझ्या जुन्या फोनच्या एकुलत्या एक स्पीकरवर ऐकतोच, कारण इंदौरात लोक गाणं तसंच ऐकतात, पोह्यांच्या ठेल्यावर. लावलं तर मेन सूरच गायब! त्यानं लीडवर, म्हणजे मेन सुरावर, आवाज दोन्ही बाजूंना पसरवणारा स्टीरिओ वाइडनर फुल्ल लावलेला, डावं-उजवं मोनोत, म्हणजे एकाच स्पीकरवर, एकत्र आलं की एकमेकाला खाऊन टाकतं. गंमत बघा, तो जुना गेमचा डबा मोनोच होता. दोन पल्स, एक ट्रँगल (ही आवाजाच्या लहरींच्या आकारांची नावं), एक नॉइज आणि रेकॉर्ड केलेल्या सॅम्पलचा एक, एवढे पाच चॅनल, त्यात ट्रँगलला तर आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही, एकतर वाजेल नाहीतर बंद. बेस बहुतेक त्याच्यावरच असायचा. तेवढ्यावर कोंडोनं पाणी उभं केलं, आणि आमच्या साहेबांच्या प्रोजेक्टमध्ये बेचाळीस ट्रॅक. अर्धे बंद कर म्हटलं. आवाजाला वरून टोपी घालणारा लिमिटर पण इतका दाबलेला की वेव्हफॉर्म विटेसारखा दिसत होता.

एवढं ऐकून तो पेनड्राइव्ह काढायलाच लागला, आणि मला जरा वाईट वाटलं. पण मधल्या ब्रेकडाउनला, म्हणजे बीट थांबतो त्या तुकड्याला, मी मघाशीच कान टवकारले होते. तिथे किक (बीटचा ढोल) नव्हता, म्हणून त्यानं सूर ओढले नव्हते, मेलडी आपली तीनचीच, आणि खाली बेस मात्र चारचा फिरत राहिलेला. वर चार आवर्तनं, खाली तीन, बारा मात्रांनी दोघं एकत्र समेवर. मी परत लावलं, टाळी देत मोजलं, तो पण मोजायला लागला, तेराव्याला दोघांचे हात एकदम पडले.

"काका, ते तर चुकून राहिलंय, दुरुस्त करणार होतो."

"हात लावलास तर बघ! उलट सगळा ट्रॅक याच्यावर बांध."

पैसे द्यायला लागला, घेतले नाहीत, (वहिनींच्या पुरणपोळ्या खाल्ल्यात आजवर, कोणत्या तोंडानं घेणार.)

रात्री साडेबाराला सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खात उभा होतो, त्याची नवी फाइल आली. त्या गोंधळात फोन कानाला लावून ऐकली. लीड ऐकू आला, तीनचा तीन. बेस अजून जास्तच आहे. तेवढंच लिहून पाठवलं आणि दुसरी प्लेट सांगितली.