विभागाची परीक्षा मूडलवर नेताना

अंतर्गत मूल्यमापन मूडल या ऑनलाइन शिक्षण-प्रणालीवर घ्यायचं ठरलं आणि विभागाच्या समन्वयाचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला सगळ्यांसाठी एकच प्रशिक्षण झालं. ज्यांना येत होतं ते कंटाळले, ज्यांना येत नव्हतं ते गप्प बसले. सहकाऱ्यांसमोर ‘मला कळलं नाही’ म्हणणं प्राध्यापकाला फार जड जातं. त्यामुळे मी एकेकाच्या शेजारी बसून काम करायचं ठरवलं.

त्याआधी युरोपीय आयोगाची २०१७ची डिजकॉम्पएज्यु ही चौकट वाचली. तिच्यात शिक्षकाच्या २२ डिजिटल क्षमता सहा क्षेत्रांत मांडल्या आहेत आणि मूल्यमापन हे त्यातलं एक वेगळं क्षेत्र आहे. म्हणजे एकच माणूस एका बाबतीत पुढे आणि दुसऱ्या बाबतीत अगदी नवखा असू शकतो. याचा प्रत्यय लगेच आला.

निवृत्तीला टेकलेल्या आमच्या एक मॅडम ‘मला यातलं काही येत नाही हो’ म्हणूनच बसल्या. पण त्यांच्या वर्ड फाइलमध्ये वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केलेले बहुपर्यायी प्रश्न होते. प्रश्न एका ओळीत, खाली एकेका ओळीवर ए, बी, सी, डी पर्याय. मूडलमध्ये एकेन नावाचा साधा आराखडा चालतो, तो जवळजवळ असाच असतो. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ANSWER, अपूर्णविराम (:) आणि बरोबर पर्यायाचं अक्षर, एवढंच वाढवायचं. फाइल साध्या मजकुराची आणि यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत जतन केलेली हवी. हे त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि संपूर्ण प्रश्नपेढी एका दमात चढवली. एक तरुण सर मात्र फोनवर सफाईने व्हिडिओ संपादित करतात, पण मूडलने पर्यायांचा क्रम आपोआप बदलला की ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय मध्येच कुठेतरी येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. वयावरून अंदाज बांधणं मी तेव्हापासून सोडलं.

सगळ्यात अवघड गेलं ते तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मॅडमचं. त्यांच्यात कौशल्याची काहीच कमी नव्हती. त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता, विभागात बसायला टेबल नव्हतं आणि संस्थेचा ईमेल फक्त कायम शिक्षकांना मिळतो, त्यामुळे मूडलचं खातंही नव्हतं. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर त्या प्रश्न टाइप करत होत्या आणि ते माझ्या खात्यातून चढवावे लागणार होते. मला हे मुळीच पटलं नाही. दुसऱ्याच्या नावावर प्रश्न चढले, की गुण कोणी दिले आणि तक्रारीला उत्तर कोणी द्यायचं, याचा पत्ताच राहत नाही. शिवाय पेपर काढणाऱ्याचं नाव कुठेच दिसत नाही, हा त्या शिक्षिकेवर सरळ अन्याय आहे.

मी विभागप्रमुखांना लेखी दिलं. संगणक विभागात कागद हातोहात फिरवला. बरीच टोलवाटोलवी झाली, पण खातं मिळालं आणि विभागातला एक संगणक दुपारनंतर त्यांच्यासाठी मोकळा ठेवायचं ठरलं. परीक्षा वेळेत झाली. त्यांच्या विषयाचे गुण त्यांच्याच खात्यातून भरले गेले.

ते खातं सत्र संपताच बंद होतं. पुढच्या सत्रात त्याच मॅडम शिकवायला असल्या तरी अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. खातं निदान संपूर्ण शैक्षणिक वर्षासाठी द्यावं, असा प्रस्ताव मी पाठवला आहे आणि त्याचा पाठपुरावा सोडलेला नाही.