तुम्ही विचारलंत म्हणून : कुठं ठेवलंस?

बडोद्यात सुरसागर तळ्याच्या काठी फिरायला गेलं की, नाहीतर एखाद्या मुंजीत पंगतीची वाट बघत बसलं की, कोणीतरी हमखास विचारतं, "बाई, हल्लीची पोरं मोबाईल शिकूनच जन्माला येतात. मग तुमच्या प्राथमिक शाळेत अजून तो कॉम्प्युटरचा तास कशाला?" विचारण्यात नातवाचं कौतुकच जास्त असतं. मी हसून वेळ मारून नेते, कारण उभ्याउभ्या देण्यासारखं ते उत्तर नाही. आज तुम्ही विचारलंत म्हणून नीट बसून लिहिते.

आमची शाळा दांडिया बाजारापासून चालत पाच मिनिटांवर. मराठी माध्यम, पहिली ते सातवी. सरकारनं १९८४ साली शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला, बीबीसी मायक्रो ही यंत्रं दिली, पण ती वरच्या वर्गांच्या निवडक शाळांना. प्राथमिक शाळा त्या हिशेबात नव्हत्याच. आमच्याकडे पहिलं यंत्र आलं १९९८ च्या दिवाळीनंतर, एका माजी विद्यार्थ्याच्या कचेरीतून मोडीत निघालेला फोर-एटी-सिक्स, म्हणजे जुन्या पिढीचा कॉम्प्युटर. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत, भरतकाम केलेल्या अभ्र्याखाली ते बसलं. चपला बाहेर काढायच्या, हात पुसून आत यायचं. आमचा पटावाळा, म्हणजे शिपाई, दारातूनच गुजरातीत ओरडायचा, "बेन, अडता नहीं हों!" म्हणजे, बाई, हात लावू नका हं! पुढच्या खंडेनवमीला आम्ही त्याला झेंडूची माळ घातली, पडद्यावर कुंकवाचं बोट उठवलं आणि अक्षता वाहिल्या. त्यातल्या काही कीबोर्डात गेल्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत स्पेसची पट्टी दाबली की दाबलेलीच राहायची.

खोलीची किल्ली संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांकडे. पोरं बिघडवतील, हे त्यांचं म्हणणं. सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होत असे. त्याच गावात नव्वद वर्षांनी शाळेत आलेल्या मुलांना आम्ही दाराबाहेर उभं करत होतो. आम्ही म्हणते, कारण बिघडेल ही भीती मलाही होतीच.

कुठूनशी 'लोगो'ची फ्लॉपी हाती आली. लोगो म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायला मुलांना शिकवणारी भाषा. पडद्यावर एक कासव असतं. मॉनिटरवर ते नुसतं त्रिकोणी टोक दिसायचं, पण म्हणायचं कासवच. त्याला 'पुढं शंभर', 'उजवीकडं नव्वद' असा हुकूम द्यायचा, की ते मागं रेघ ओढत चालतं. चार वेळा तेच केलं की चौकोन. यंत्र एक, मुलं चाळीस आणि किल्ली भलत्याच्या खिशात, म्हणून मी कासव पटांगणात आणलं. एकानं हातात खडू घेऊन कासव व्हायचं, दुसऱ्यानं हुकूम सोडायचे. कासवानं स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही, सांगितलं तेवढंच करायचं. मुलांना हे फार जड जातं. हुकूम चुकला की कासव झालेलं पोर आपणच दुरुस्त करून वळायचं आणि बाकीचे ओरडायचे, "चीटिंग!"

पाचवीतल्या एकानं त्रिकोण काढायला घेतला. समभुज त्रिकोणाचा कोन साठाचा हे त्याला पाठ. त्यानं हुकूम दिले : पुढं दहा पावलं, उजवीकडं साठ, पुढं दहा, उजवीकडं साठ, पुढं दहा. कासव गेलं ते थेट तुळशीवृंदावनाकडं, आणि खाली दिसत होता अर्धा षटकोन. "कासव गाढव आहे," हा म्हणाला. मग स्वतः कासव झाला. पहिली बाजू चालून कोपऱ्यावर थांबला, तोंड अजून सरळ रेघेच्या दिशेलाच. तिथून दुसऱ्या बाजूकडं वळताना त्याला कळलं, की आपल्याला साठ नाही, त्याच्या दुप्पट वळावं लागतंय. एकशे वीस. साठ हा आतला कोन, वळायचं मात्र बाहेरून असतं. फळ्यावर मी हे वीस वर्षं शिकवलं होतं, पण कोणाचा चेहरा असा झालेला पाहिला नव्हता. शेवटी पदाधिकाऱ्यांकडून किल्ली आली ती त्या मुलामुळं. त्याला 'खऱ्या कासवावर' करून बघायचं होतं आणि तो रोज त्यांच्या घरी जाऊन बसायला लागला.

पुढचं भराभर सांगते. २००४ पर्यंत दहा यंत्रं झाली, विंडोज ९८ आलं. माऊसच्या पोटातली गोळी काढून आतल्या चकत्यांवरचा मळ नखानं खरवडायचा, ही शनिवारची ठरलेली ड्युटी, आणि तिच्यासाठी मारामाऱ्या. मग मराठी. आधीच्या फॉन्टांत लिहिलेलं दुसऱ्या यंत्रावर उघडलं की नुसते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे घोळके. पुढं विंडोज एक्सपीवर युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर तसंच दिसणारं लिखाण, चालायचं, पण त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. ती सीडी मी घरी गोदरेजच्या कपाटात, माझ्या शालूशेजारी ठेवत असे.

इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मी हट्टानं शिकवला, आणि त्याचं खरं सुख बडोद्याच्याच मुलांना. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, आणि हीच मांडणी बहुतेक सगळ्या भारतीय लिप्यांना. म्हणजे ज्या बोटानं मराठी 'क' उठतो त्याच बोटानं गुजराती 'क' उठतो. भाषा बदलली की वरची शिरोरेघ जाते, काही अक्षरांचं वळण बदलतं, बोट तेच. आमची मुलं घरात मराठी, गल्लीत गुजराती. त्यांना ही जादूच वाटली. 'ळ' तर दोघींचा, त्याचीही जागा एकच. इंग्रजी स्पेलिंगातून मराठी लिहायची सोय पुढं आली, सगळे तिकडं गेले. मला ते अजून रुचलेलं नाही, पण असो.

३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीसेक इंच पाऊस झाला. विश्वामित्रीच्या मगरी तुम्हीही व्हिडिओत बघितल्या असतील. आमच्या खालच्या वर्गात गुडघाभर पाणी. बाकावर उचलून ठेवलेले सीपीयू वाचले, जमिनीवरचे चार गेले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. लॉकडाऊननंतर मुलं परत वर्गात आली ती मोबाईलवरच शिकून आलेली. पहिल्या तासाला तिसरीतल्या मुलीनं मॉनिटरवर बोट ठेवून सरकवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, हा खराब आहे." व्हिडिओ कापणं, गाणं लावणं, सगळं येत होतं. चित्र काढलं, मी म्हटलं सेव्ह कर. केलं. कुठं ठेवलंस? "मोबाईलमध्ये दिसतं ना आपोआप." इथं नाही दिसत. ती गप्प. वर्गात कोणालाच सांगता येईना, की आपण केलेली वस्तू कुठं आहे. आपलं काम ठेवायलाही एक जागा लागते, ही कल्पनाच त्यांच्याकडं नव्हती.

म्हणून मी आता तासाला पहिला महिना एवढंच घेते. निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोनदा जाते. मोठं कपाट, त्यात तुझा खण, खणात डबा, डब्यावर नाव. नाव 'अबक' चालणार नाही. पुढच्या सोमवारी न विचारता शोधून दाखवायचं. एका पठ्ठ्यानं खणात खण, खणात खण असे अकरा केले आणि आपलं चित्र स्वतःच हरवून बसला. दोन तास शोधत होता, मी मदत केली नाही.

परवा चौथीतली एक पेन ड्राइव्ह घेऊन आली, मामानं दिलेला. "बाई, माझं फोल्डर यात घालून द्या, घरी न्यायचंय." तिच्या घरी कॉम्प्युटर नाही, मला माहीत आहे. "लावणार कशाला?" मी विचारलं.

"लावायचं नाहीये," ती म्हणाली. "आईच्या डब्यात ठेवणारे. बांगड्यांच्या."